चावी नानांकडे आहे

विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात, इस्त्रीवाल्याच्या टपरीशेजारी एक निळी प्लास्टिकची खुर्ची आहे. ती रिकामी दिसली तर समजावं की नाना कुणाला तरी खोली दाखवायला गेलेत. भरलेली दिसली तर समजावं की नाना कुणाला तरी खोली नाही असं सांगतायत. मागे झाडाला पत्र्याचा बोर्ड टांगलाय: ‘रूम भाड्याने, विकत, हेवी डिपॉझिट’. खाली मोबाइल नंबर आहे, पण त्याचा शेवटचा आकडा गणपतीच्या मांडवाची दोरी बांधताना खरवडला गेला. नानांना त्याची फिकीर नाही. फोन करून येतो तो वरच्या बजेटचा, स्वस्त खोली शोधणारा चालतच येतो, असं त्यांचं निरीक्षण आहे.

प्रत्येक वस्तीत असा एक नाना असतो. कुठे त्याला आप्पा म्हणतात, कुठे शेठ, कुठे नुसतंच एजंट. वय पंचावन्नच्या पुढे, खिशाला दोन पेनं, पायात सँडल, आणि चालण्याचा वेग असा की बरोबरच्याला अंतर मोजायची सवड मिळू नये. पूर्वी तो कुठल्या तरी कंपनीत असतो. कंपनी बंद पडते, व्हीआरएसचे पैसे येतात, जातात, आणि एक दिवस शेजारच्या म्हाताऱ्याची खोली भाड्याने लावून देताना त्याला आपला खरा धंदा सापडतो. आमचे नाना कंपनीत स्टोअरकीपर होते. माल कुठे आहे, किती आहे आणि असूनही ‘नाही’ कसं म्हणायचं, हे तिन्ही ते तिथेच शिकून आले.

नानांची सगळी दौलत एका जाड तारेच्या कड्यात असते. प्रत्येक चावीला औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली आणि तिच्यावर निळ्या पेनाने बारीक अक्षरात टिपण. पत्ता लिहीत नाहीत, कारण पत्ता लिहिला तर चावीबरोबर खोलीही हरवायची. टिपणं अशी: ‘पाणी ५ ला’. ‘मोरी बाहेर’. ‘वर म्हातारी’. ‘मालक नाशिक’. ‘मांजर’. एका चावीवर नुसतं ‘बघू’ आहे. ती खोली दोन भावांच्या कोर्टकज्ज्यात अडकली आहे आणि नाना ती फार वर्षं बघतायत.

चाव्यांवर खोल्यांची कुंडली, तशी डायरीत माणसांची. डायरी विमा कंपनीची, बरीच जुनी, तारखा-वारांशी काही संबंध नसलेली. एकदा नाना चहा सांगायला गेले तेव्हा मी तिच्यात डोकावलो. नाव कुणाचंच नव्हतं. ‘बजेट ९, जाईल ११.’ ‘मूल लहान, तळमजला.’ ‘हो म्हणतो, येत नाही.’ ‘नवरा गरीब, बायको चौकस.’ या शेवटच्या नोंदीखाली दोन रेघा मारल्या होत्या. गरीब म्हणजे इथे पैशाने नव्हे. पैशाने गरीब तर सगळेच, म्हणून तर ते नानांकडे आलेले. पण नवरा स्वभावाने गरीब असला की काम सोपं, बायको चौकस असली की अवघड, आणि ही जोडी एकत्र आली की नाना त्या दिवशी दुसरी पार्टी घेत नाहीत.

‘पार्टी’ आली की नाना तिला खोलीबद्दल काही सांगत नाहीत. आधी विचारतात. पण पहिला प्रश्न बजेटचा कधीच नाही. पहिला प्रश्न, “चहा घेणार?” मग गाव कुठलं, ड्युटी कुठे, माणसं किती, गावाकडून कोण कोण येतं. चहाच्या तळाशी पोचल्यावर, अगदी सहज, “बजेट काय धरलंय?”

“बारा,” पार्टी म्हणते.

नाना आभाळाकडे बघतात. “डिपॉझिट?”

“पन्नासपर्यंत.”

नाना इस्त्रीवाल्याकडे वळतात. “ऐकलंस?” इस्त्रीवाला इस्त्री उभी करून मान हलवतो. त्या हलवण्यात इतकी सहानुभूती असते की पार्टीला आपल्याच पगाराची लाज वाटायला लागते. चहाचे पैसे नाना देतात आणि इस्त्रीवाल्याच्या या मान हलवण्यावर त्यांचे कपडे फुकट कडक होतात, असं लोक म्हणतात. मला ते खरं वाटतं.

“बाराला विक्रोळी म्हणजे…” नाना सुस्कारा सोडतात. “एक तर बजेट वाढवा, नाहीतर स्टेशन वाढवा. भांडुपला डोंगरावर मिळेल. दिव्याला वन आर के मिळेल. टिटवाळ्याला हॉल-किचन मिळेल. आणि बदलापूरच्या पुढे जायची तयारी असेल तर तुळशीवृंदावन ठेवायला अंगण देतो.”

हे सगळं ते फार मायेने बोलतात. पार्टीला वाटतं, बघा, माणूस आपल्या हिताचं सांगतोय. प्रत्यक्षात नाना पार्टीची किंमत खाली आणत असतात. खोलीची किंमत खाली आणणं त्यांच्या हातात नाही. माणूस घरातून निघतो तेव्हा त्याच्या डोक्यात एक खिडकी असते, खिडकीत वारा असतो, आत स्वतंत्र संडास असतो. नाना आधी वारा काढून घेतात, मग खिडकी. संडासाची वेळ पार्टी खोली बघायला निघाली की येते.

दाखवण्याचाही क्रम ठरलेला. मेडिकलच्या दुकानात काम करणारा एक मुलगा आणि मुलुंडला एका दवाखान्यात आया असलेली त्याची बायको, अशा जोडप्याबरोबर मी एकदा नानांच्या मागे गेलो होतो. माझं पश्चिमेला काम होतं म्हणून सुरुवात, आणि नंतर पाय निघेना म्हणून. पहिली खोली पार्कसाइटच्या डोंगरावरची. २०२५ च्या जूनमध्ये विक्रोळीचा पूर्व-पश्चिम उड्डाणपूल कसलाही सोहळा न करता सुरू झाला, फीत कापली नाही म्हणून पेपरात बातम्या आल्या. नानांनी मात्र त्याच आठवड्यात पार्कसाइटच्या खोल्यांचं भाडं पाचशेनं वाढवून त्याचं रीतसर उद्घाटन केलं होतं. रिक्षातून उतरून पायऱ्या सुरू झाल्या. वाटेत नाना, “इथे सगळं हाताशी आहे,” म्हणत होते, आणि ते खरंच होतं. दोन्ही हात पसरले तर दोन्ही बाजूची घरं लागत होती. खोली दहा बाय दहा, वर पोटमाळा, पोटमाळ्यावर आधीच्या भाडेकरूचं एक देवाचं कॅलेंडर. संडास गल्लीच्या टोकाला.

“पाणी?” बायकोनं विचारलं.

“पाण्याचा प्रश्नच नाही.”

“म्हणजे येतं का?”

“पहाटे पाचला येतं. सहाला जातं. त्यामुळे दिवसभर पाण्याचा प्रश्नच नाही.”

दुसरी खोली सरळ कन्नमवार नगरातल्या नव्या टॉवरमध्ये. लिफ्ट, टाइल्स, दोन पंखे, खिडकीतून खाडीकडची तिवरं. बायको काही न बोलता ओट्यावरून हात फिरवून आली. भाडं बावीस हजार. नाना म्हणाले, “नुसतं बघून ठेवा. पुढेमागे पगार वाढतोच की.” हे ऐकताना नवऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. आणि मग, माणूस पहिलीत घुसमटून आणि दुसरीत हरखून पुरता हलका झाला, की तिसरी खोली. हीच त्यांना द्यायची हे नानांनी चहाच्या वेळीच ठरवलेलं असतं: जुन्या इमारतीतल्या तळमजलेवाल्यानं मागच्या बाजूला वाढवून काढलेली, मोरी आत, संडास आत, भाडं साडेचौदा, डिपॉझिट पन्नास. पहिलीच्या मानानं महाल, दुसरीच्या मानानं फुकट.

या तिसऱ्या खोलीत नानांचं खरं कसब दिसतं. ते आधी आत जाऊन ट्यूब लावतात, पंखा लावतात, आणि पार्टी उंबऱ्यात येईपर्यंत एका भिंतीला पाठ टेकून उभे राहतात. ती पाठ रुंद आहे. बोलणं होईपर्यंत ती तिथून हलत नाही. वस्तीतले अनुभवी लोक नानांबरोबर खोली बघायला गेले की छत बघत नाहीत, फरशी बघत नाहीत. नाना कुठे टेकलेत ते बघतात. ओल तिथे असते. पावसाळ्यात एकदा नानांना एका खोलीच्या दोन भिंती सांभाळायच्या होत्या, तेव्हा ते कोपऱ्यात तिरके उभे होते आणि जाताना त्यांच्या शर्टावर दोन्ही बाजूंनी चुना होता.

कन्नमवार नगराचं नाव राज्याचे दुसरे मुख्यमंत्री मा. सां. कन्नमवार यांच्यावरून पडलं. १९६२-६३ असं जेमतेम वर्षभर ते त्या पदावर होते आणि पदावर असतानाच गेले. वसाहत बांधली गृहनिर्माण मंडळानं, बेताच्या पगाराच्या लोकांसाठी. आता त्या बैठ्या आणि तीन-चार मजली इमारती एकेक करून पुनर्विकासाला जातायत आणि बेताच्या पगाराच्या माणसाला तिथे भाड्यानंही राहता येत नाही. याचं कारण ऐकायला गमतीशीर आहे. इमारत पाडायची म्हटली की बिल्डर तिथल्या प्रत्येक कुटुंबाला दरमहा भाड्याचे पैसे देतो. मग एकाच आठवड्यात ती चाळीस कुटुंबं बाहेर पडतात, आणि मुलांची शाळा, सासूचा डॉक्टर, बायकोचं भजनी मंडळ इथेच म्हणून सगळ्यांना खोली याच चार गल्ल्यांत हवी असते. भाडं बिल्डरच्या खिशातून, त्यामुळे घासाघीस कुणी करत नाही. एरवी बाराला जाणारी खोली अठराला उठते. आमचा मेडिकलवाला मग दिव्याला जातो. पुनर्विकासानं घरं वाढतात हे खरं असेल, पण वाढेपर्यंतच्या तीन-चार वर्षांत खोल्या वाढत नाहीत, शोधणारेच वाढतात, आणि नाना त्या काळात नवी स्कूटर घेतात.

आता मालक. मालकाला भाडं हवं असतं, भाडेकरू नको असतो. नानांचं अर्धं आयुष्य या एका अडचणीवर तोडगा काढण्यात गेलंय. बॅचलर नको, कुत्रा नको, क्लास घेणारा नको, गावाहून पाहुणे येणारा नको. वकील आणि पत्रकार तर मुळीच नको. एकदा पोलीस भरतीची तयारी करणारी तीन पोरं आली, सांगली-जतकडची, पहाटे धावणारी, अंडी खाणारी. नानांनी मालकाला समजावलं, “काका, पोरं निर्व्यसनी आहेत. उद्या भरती झाली तर तुमच्या घरात पोलीस राहील, कुणाची हिंमत होणार नाही वाकडं बघायची.” काकांनी विचार केला आणि म्हणाले, “ते झालंच. पण पोलीस झाल्यावर खोली सोड म्हणायची माझी तरी हिंमत होईल का?”

ही भीती काकांच्या मनाची उपज नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी गोठवली, तेव्हा मालकांनी भाडेकरू ठेवणं सोडून ‘लिव्ह अँड लायसन्स’वर माणसं ठेवायला सुरुवात केली. मग १९७३ साली कायदा बदलला आणि त्या १ फेब्रुवारीला जो जो लायसन्सवर राहत होता तो भाडेकरू ठरला. नाना हे फार रंगवून सांगतात: “३१ जानेवारीला पाहुणा म्हणून झोपला, १ फेब्रुवारीला घरचा होऊन उठला!” काकांच्या वडिलांनी दादरची एक खोली अशी घालवली होती, ती कहाणी घरात अजून सत्यनारायणाच्या कथेच्या इमानानं सांगितली जाते. मार्च २००० अखेर नवा भाडे नियंत्रण कायदा आला. आता लायसन्सची मुदत संपली की जावं लागतं, नाही गेला तर दुप्पट पैसे मोजावे लागतात. कायदा बदलला, पण काका बदलले नाहीत. त्यांच्या लेखी प्रत्येक भाडेकरू ३१ जानेवारीच्या रात्रीच राहायला येतो.

करार अकरा महिन्यांचा का, हे पार्टी हमखास विचारते. नाना म्हणतात, “माणूस पोटात नऊ महिने राहतो, खोलीत अकरा. त्याहून जास्त कुणी कुणाला ठेवत नाही.” खरं कारण रुक्ष आहे: वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती, म्हणून एक महिना कापून लोकांनी वाट काढली. महाराष्ट्रात नव्या कायद्यानं तीही पळवाट बुजवली. कलम ५५ प्रमाणे अकरा महिन्यांचा कागदही नोंदवावाच लागतो. तरी अकराचा आकडा राहिला, आणि तो राहण्यात नानांना आनंद आहे, कारण अकरा महिन्यांनी कागद नवा, आणि नव्या कागदाला ब्रोकरेज नवं.

काकांसारखा मालक, “कागद कशाला, आपला तोंडी व्यवहार बरा,” असं म्हणाला की नाना ते कलम ५५ बाहेर काढतात. एरवी त्यांना कुठलंही कलम पाठ नाही. “काका, कागद नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे बरं का. नाही नोंदवला तर तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड. आणि उद्या भांडण झालं तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते आधी धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं तुम्ही.” ‘भाडेकरू म्हणेल ते’ हे तीन शब्द ऐकले की काका चष्मा शोधायला लागतात.

मग एक पोरगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशिन घेऊन घरी येतो. काकांचा जन्म लेथ मशिनवर गेलेला, अंगठ्याच्या रेषा कधीच घासून गेलेल्या. मशिन लाल दिवा दाखवतं. पोरगा म्हणतो, “काका, अंगठा केसांतून फिरवा, तेल लागलं की उमटतो.” काकांना केस नाहीत. शेवटी काकू आपला अंबाडा पुढे करतात, काका अंगठा त्यावरून फिरवतात, हिरवा दिवा लागतो आणि सगळ्यांना शिरा मिळतो. साडेचौदा हजार भाडं आणि पन्नास हजार डिपॉझिटच्या अशा कागदावर सरकारला मुद्रांक शुल्क पाव टक्क्याच्या हिशोबानं चारशेच्या आसपास जातं, वर नोंदणीचे १,००० रुपये. नाना ‘पेपर खर्च’ म्हणून साडेतीन हजार घेतात. उरलेल्याचं काय, असं विचारलं तर म्हणतात, “नेट लागतं.”

नानांना लबाड म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो शब्द अपुरा वाटतो. एक गोष्ट मात्र मला त्यांची आवडत नाही. डिलिव्हरीची बॅग पाठीवर घेतलेला एक तरुण आला होता, चहा झाला, गाव झालं, ड्युटी झाली, आणि नाव सांगितल्यावर नाना म्हणाले, “अरे, ती खोली सकाळीच गेली की!” चावी कड्यात लटकत होती, मला दिसत होती, त्यालाही दिसली असावी. तो काही बोलला नाही, हे उत्तर त्याला नवं नसणार. नानांना विचारलं तर म्हणाले, “मी कोण ठरवणारा? मालक जुन्या वळणाचे आहेत.” जुन्या वळणाचे मालक तोंड उघडतच नाहीत, त्यांच्या वतीनं नानाच इतक्या सफाईनं बोलतात की नक्की कोणाचं वळण जुनं ते कळत नाही. पुढे त्याच मुलाला नानांनीच टागोर नगरात एका बाईंची खोली मिळवून दिली. बाईंची अट एकच होती, भाडं पाच तारखेला. आणि ब्रोकरेज नानांनी पूर्ण महिन्याचं घेतलं. त्या बाबतीत त्यांनी कधीच भेदभाव केलेला नाही.

सरकारचं म्हणाल तर नानांना सरकारचा राग नाही, प्रतिस्पर्ध्याची कीव आहे. म्हाडाची सोडत निघते ती घर विकत घेणाऱ्यांसाठी. अत्यल्प उत्पन्न गट, अल्प उत्पन्न गट ही नावं कानाला गोड लागतात, पण ज्याच्याकडे आज डिपॉझिटचे पन्नास जमत नाहीत तो कर्जाला कोणत्या तोंडानं उभा राहणार? एमएमआरडीएनं २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना काढली, १६० चौरस फुटांची घरं. त्यातली पनवेलजवळच्या कोन गावची घरं नंतर दोन-दोन जोडून गिरणी कामगारांच्या सोडतीत विकायला काढली. नानांनी तो निकाल पेपरात वाचला आणि मला म्हणाले, “बघा, सरकारलासुद्धा भाडेकरू नकोत!”

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींचा प्रकार तर अजब. तिथली फुकट मिळालेली घरं दहा वर्षं विकायची नाहीत, भाड्यानं द्यायची नाहीत, असा मूळ नियम. नियम सगळ्यांना माहीत असल्यामुळे तिथे भाडेकरू एकही नाही. तिथे भाचे राहतात. नानांनी एकट्यानं एका इमारतीत इतके भाचे नेऊन सोडलेत की मामा बिहारचा आणि भाचा चिपळूणचा अशी नाती तिथे मजल्यागणिक सापडतात. तपासणीला कुणी आलं की भाच्यानं मामाचं नाव सांगायचं, एवढं नाना आधीच पाठ करून घेतात. एका भाच्यानं घाईत मामाला काका म्हटलं, तो आता कळव्याला असतो.

२०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत एक आकडा होता, तो मी नानांना वाचून दाखवला: २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी, देशात सर्वांत जास्त. नानांचा चहा हातात राहिला. मला वाटलं, आता हे शहराच्या अन्यायावर काही बोलणार. बराच वेळ गेला. मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, “चाव्या कोणाकडे आहेत?”

असे हे नाना. आणि मग त्यांचीच इमारत पुनर्विकासाला गेली.

नोटीस आली, बिल्डरचे धनादेश आले, चाळीस कुटुंबं खोल्या शोधायला बाहेर पडली. त्यातली अडतीस नानांच्या खुर्चीसमोर. नानांनी अडतीसही लावून दिल्या, एकेकाचं ब्रोकरेज घेतलं, नेटचे पैसे घेतले, आणि रिकामं करायच्या तारखेला आठवडा उरला असताना त्यांच्या लक्षात आलं की कड्यात ‘बघू’शिवाय चावी शिल्लक नाही. नानींनी ही बातमी शांतपणे ऐकून घेतली. म्हणाल्या, “लोकांच्या लग्नात तुम्ही, आणि घरची मुलगी बिनलग्नाची.” मग पदर खोचून त्या स्वतः खाली आल्या. आजवर त्या खुर्चीपाशी कधी आल्या नव्हत्या, पण बावीस वर्षं स्वयंपाकघरातून नानांचे फोन ऐकत होत्या.

खोली दाखवायला आला तो अंगठ्याच्या मशिनवालाच पोरगा. त्यानं आता स्वतःचा धंदा सुरू केलाय. खोल्यांचे व्हिडिओ काढतो, व्हिडिओत गाणं टाकतो. नानांना तो ‘काका, तुम्ही आमचे गुरू’ म्हणतो. आम्ही चौघं निघालो: पोरगा, नाना, नानी आणि मी, मला कुणी बोलावलं नव्हतं. पोरगा भराभर चालायला लागला तशा नानी थांबल्या. “सावकाश चल बाळा. भाडं मी चालून देणार आहे, धावून नाही.”

खोलीत शिरल्यावर पोरग्यानं ट्यूब लावली, पंखा लावला आणि एका भिंतीला टेकून उभा राहिला.

“बाजूला हो जरा,” नानी म्हणाल्या.

तो नानांकडे बघायला लागला. नाना छताकडे बघत होते. पोरगा बाजूला झाला. भिंतीवर भारताच्या नकाशाएवढी ओल होती. नानींनी तिला हात लावून बघितला, मग नानांकडे बघितलं. नवऱ्याच्या शर्टांना इतकी वर्षं कुठे चुना लागत होता ते त्या क्षणी त्यांना कळलं असावं, कारण पुढचे सगळे प्रश्न त्यांनी त्या पोराला विचारले तरी बघितलं नानांकडेच. पाणी किती वाजता, आणि किती वाजता जातं? वर कोण राहतं, आणि ते रात्री काय कुटतात? सबमीटरचा रेट काय? मेन्टेनन्स धरून की सोडून? मालक नाशिकचे की खरंच नाशिकचे? पोरगा आधी पाठ केलेली उत्तरं देत होता. मग अडखळायला लागला. शेवटी म्हणाला, “नानी, मला खरंच माहीत नाही, विचारून सांगतो.” हे वाक्य या धंद्यात मी पहिल्यांदाच ऐकलं. नानांनाही ते लागलं. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

व्यवहार तिथेच झाला. भिंतीला वॉटरप्रूफिंग मालकानं करायचं, भाडं दीड हजारानं कमी, अकरा महिन्यांनी कागद नवा झाला तर ब्रोकरेज नाही. या शेवटच्या अटीला पोरगा कळवळला.

“काका, तुम्हीच शिकवलंत ना, रिन्यूअलचं सोडायचं नाही म्हणून?”

“ते पार्टीसाठी,” नाना पुटपुटले.

“मग मी कोण?” नानी म्हणाल्या.

यावर नानांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी पाकीट काढलं, पंधरा दिवसांचं ब्रोकरेज मोजून पोराच्या हातात ठेवलं, आणि नानी पावती मागत असताना दाराबाहेर येऊन उभे राहिले. पोरगाही मागोमाग आला. त्याच्याकडे डायरी नाही, तो पार्टीची माहिती मोबाइलमध्ये घालतो. अंगठे चालवता चालवता त्यानं विचारलं, “काका, मालकाला फॅमिलीबद्दल काय कळवू?”

नानांनी एकदा आत बघितलं. नानी मोरीचा नळ सोडून धार बघत होत्या.

“नवरा गरीब आहे असं लिही,” नाना म्हणाले.